पोथीची शाई तपासताना: भिंगापासून क्ष-किरणांपर्यंत

घरातल्या फडताळात वडिलोपार्जित पोथी सापडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती जुनी असेल?" हल्ली त्याला लागूनच दुसरा येतो: "शाई तपासून कळेल का?" एकट्या शाईवरून कळत नाही. शाई आपले वय सांगत नाही. ती कशाची केली, कोणकोणत्या अक्षरांत तीच आहे आणि कुठे बदलली, एवढे मात्र ती नीट सांगते. तिथून वयापर्यंत जायचे तर कागद, अक्षरवळण, पुष्पिका (पोथीच्या शेवटी लेखनिकाने केलेली नोंद) आणि आपली अक्कल, सगळे सोबत घ्यावे लागते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे विनलँडचा नकाशा. कोलंबसाच्या आधी उत्तर अमेरिकेचा किनारा दाखवणारा पंधराव्या शतकातला नकाशा म्हणून येल विद्यापीठाने तो १९६५ मध्ये जगापुढे आणला. पुढे कार्बन कालमापन झाले आणि चर्मपत्र खरोखरच १४३४ च्या आसपासचे निघाले. शाईत मात्र टायटॅनियम डायऑक्साइड सापडले, तेही अशा रूपातले, जे रंगद्रव्य म्हणून १९२० च्या दशकात वापरात आले. वाद पन्नासएक वर्षे चालला. शेवटी २०२१ मध्ये येलनेच संपूर्ण नकाशा क्ष-किरणांनी तपासून तो बनावट असल्याचे जाहीर केले. चर्मपत्र अस्सल, शाई नवी. नुसत्या चर्मपत्राच्या तारखेवर विसंबलेला माणूस इथे साफ फसला असता.

खाली दिलेला क्रम मुख्यतः युरोपातल्या मध्ययुगीन हस्तलिखितांवर काम करताना घडला. बर्लिनच्या बीएएम या सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी शाईसाठी तो विशेष नेटका केला: आधी स्वस्त आणि स्पर्श न करणारी पाहणी, मग महाग यंत्रे, आणि नमुना काढणे सर्वांत शेवटी, तेही क्वचितच. आपल्याकडच्या कागदी पोथ्या आणि मोडी दफ्तरे यांना तो लागू पडतो, पण काही ठिकाणी वाट बदलावी लागते. ती ठिकाणे मी त्या-त्या जागी सांगेन.

पायरी १: प्रश्न लिहून काढा

कोऱ्या कागदावर एकच प्रश्न लिहा. "ही शाई कशी आहे?" हा प्रश्न नव्हे. "समासातली टिपणे मजकुराच्याच शाईने लिहिली आहेत का?", "पुष्पिका मूळ लेखनिकाची की मागून जोडलेली?", "पिवळ्या डागाखाली आधी काय लिहिले होते?" हे प्रश्न. यंत्राला काय विचारायचे ते ठाऊक नसेल तर शंभर आलेख हाती येतात आणि सांगण्यासारखे काहीच नसते.

पुष्पिकेचा प्रश्न असेल तर यंत्राआधी एक हिशेब करा. आपल्याकडच्या पुष्पिकेत शक आणि संवत्सराचे नाव दोन्ही बहुधा असते. शकात १२ मिळवा, ६० ने भागा. बाकी उरेल तो प्रभवापासून मोजलेला संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. शिवराज्याभिषेकाचा शक १५९६ घ्या: १२ मिळवून १६०८, ६० ने भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. राज्याभिषेक आनंदनाम संवत्सरातच झाला. पोथीत शक एक आणि संवत्सर भलताच असेल, तर शाई तपासण्याचे कारण तुम्हाला तिथेच मिळाले. आणि हिशेब बरोबर जुळला म्हणून निश्चिंत होऊ नका. नक्कल करणारे लेखनिक मूळ पोथीची पुष्पिकाही तारखेसकट उतरवून घेत. मग शक खरा असतो, पण तो या पोथीचा नसतो.

पायरी २: जागा आणि हात

टेबल लाकडी, त्यावर स्वच्छ पांढरे सुती कापड. शाईपेन, चहा, पाणी खोलीबाहेर; नोंदी पेन्सिलीने. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सुट्या कागदी पानांसाठी कापडी मोज्यांपेक्षा कोरडे हात बरे, कारण मोज्यात कागदाची कड जाणवत नाही आणि पान फाटते. बासन सोडण्याआधी त्याची गाठ कशी आहे, पाने कोणत्या क्रमाने आहेत, त्याचा फोटो घ्या. पान उचलताना खाली जाड कोरा कागद सरकवा. चिकटलेली पाने ओढून सोडवू नका, ते संवर्धकाचे काम.

ओले बोट, अत्तर, लिंबू, कसलेही 'अक्षर उठवणारे' द्रावण पोथीजवळ आणू नका. एकोणिसाव्या शतकात अँजेलो माई हे इटालियन ग्रंथपाल व्हॅटिकन आणि मिलानमधली खोडून पुन्हा लिहिलेली हस्तलिखिते वाचण्यासाठी मायफळाचा अर्क लावत. पुसट अक्षरे क्षणभर उठत. पुढे तीच पाने काळवंडली आणि काही कायमची वाचण्याजोगी राहिली नाहीत. माई फार मोठे विद्वान होते, तरी ते नुकसान आजवर भरून आलेले नाही.

पायरी ३: भिंग आणि तिरपा उजेड

दहापट भिंग आणि शंभर-दोनशेपट दाखवणारा यूएसबी सूक्ष्मदर्शक एवढ्यावर अर्धे काम होते. एक टॉर्च पानाच्या पातळीत, जवळजवळ आडवा धरा. कागदाची घोटाई, कागद करायच्या चाळणीच्या काड्यांच्या रेषा, बोरूच्या दाबाचे चर, खरवडलेल्या जागा सगळे सावल्यांतून वर येते. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरून नंतर काजळी भरलेली असेल, तर हा तिरपा उजेडच तुमचे मुख्य यंत्र. काजळी निघून गेली तरी चर राहतो.

मग सूक्ष्मदर्शकाखाली एक अक्षर घ्या, 'श्री' घ्या. बोरूने लिहिलेल्या अक्षरात शाई कडेला जाड आणि मध्ये पातळ साचलेली असते. जिथे एक रेघ दुसरीला छेदते तिथे थर दुप्पट होऊन गडद दिसतो. बोरू कोरडा पडत चालला की रेघ फाटते, पुन्हा दौतीत बुडवला की पुढचे अक्षर एकदम भरते. ही लय दोन-तीन ओळी पाहिली तरी सापडते. काजळशाई कागदावर थर होऊन बसते, घोटलेल्या कागदावर तर चकाकते आणि कधी पोपडे धरते. लोहशाई, म्हणजे हिरड्यासारख्या तुरट फळाचा काढा आणि लोहाचा क्षार यांची शाई, कागदाच्या तंतूंत मुरते, कडेला तपकिरी छटा सोडते, जुन्या पानात पाठीमागे उमटते, आणि फार आम्ल असेल तर अक्षराच्या आकाराने कागदच खाऊन टाकते. मोडी कागदांत शाई वाळवायला टाकलेल्या बारीक वाळूचे कण अजून चमकताना दिसतात. त्यांची जागा टिपून ठेवा, पुढे क्ष-किरणांच्या वेळी ते गोंधळ घालतात.

याच पायरीवर आणखी एक निवाडा होतो, आणि तो आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकात शिळाछापावर पोथ्या छापल्या गेल्या. त्यात सुंदर हाताने लिहिलेली पाने दगडावरून जशीच्या तशी उतरत, तेही सुट्या आडव्या पानांवर, पोथीच्याच आकारात. साध्या डोळ्यांना ती हस्तलिखितेच वाटतात. भिंगाखाली त्यांचा काळा रंग सगळीकडे सारखा, सपाट असतो. रेघा छेदतात तिथे थर वाढत नाही, बोरू बुडवल्याची लय नसते. छापाची शाईही काजळीचीच, त्यामुळे पुढची अवरक्त (इन्फ्रारेड) चाचणी हा फरक दाखवणार नाही. म्हणून भिंग आधी.

पायरी ४: स्वतःची नमुनापट्टी करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मी तिचा फार आग्रह धरतो. ज्या शाया ओळखायच्या त्या एकदा स्वतःच्या हाताने केल्या, की पोथीतले अक्षर वेगळेच दिसू लागते.

काजळशाईसाठी तिळाच्या तेलाचा दिवा लावा, वर मातीचे परळ उपडे धरून काजळ जमवा. काजळ तेलकट असते, थेट पाण्यात टाकले तर तरंगत राहते. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा, त्या दाट पाण्यात काजळ थोडे थोडे घालून खलात घोटा आणि मगच पाणी वाढवा. गुजरातेतल्या जैन लेखनिकांचे गणित असे होते: जितके काजळ तितकाच बोळ (एक सुगंधी डिंक), आणि डिंक दोन्हीच्या दुप्पट, त्यात माक्याचा रस पडला तर अक्षर दिव्यासारखे उजळते. घोटणे मात्र तासाभरात आटपत नाही. बोटांमध्ये चोळल्यावर कण लागेनासा होईपर्यंत घोटत राहायचे.

लोहशाईसाठी हिरडा भरड कुटून पाण्यात उकळा आणि गाळा. तीन भाग हिरड्यामागे एक भाग हिराकस (लोहाचा क्षार) आणि एक भाग डिंक घाला. काचेच्या भांड्यात करा, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, मुलांपासून दूर ठेवा. लिहिताना ती फिकी करडी वाटेल, पण हवेतल्या ऑक्सिजनने दुसऱ्या दिवसापर्यंत काळी होते. तिसरा नमुना या दोन्हींचे मिश्रण, चौथा नुसता हिरड्याचा काढा. चारही नमुने हातकागदाच्या एकाच पट्टीवर, प्रत्येकी एक जाड आणि एक पातळ रेघ, अशा बोरूने ओढा. पट्टी दोन-तीन आठवडे वाळू द्या. यापुढे पोथीचा प्रत्येक फोटो ही पट्टी शेजारी ठेवून काढायचा. पट्टी पोथीला टेकवू नका, बोटभर अंतर राहू द्या.

पायरी ५: अवरक्त प्रकाश

शाईच्या अभ्यासातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्णायक प्रयोग हाच. काजळ म्हणजे कार्बन. तो दृश्य प्रकाश शोषतो तसा अवरक्तही शोषतो, म्हणून अवरक्त फोटोत काळाच राहतो. लोहशाईचा काळेपणा लोह आणि टॅनिन (हिरड्यातले तुरट द्रव्य) यांच्या संयुगातून येतो. तरंगलांबी वाढत गेली की ते संयुग प्रकाश शोषणे सोडत जाते. ९४० नॅनोमीटरला ती शाई ठळकपणे फिकी होते, त्याच्याही बऱ्याच पुढे गेले की दिसेनाशी होते. नुसती वनस्पतीची, लोह नसलेली शाई ७५० च्या पुढेमागेच नाहीशी होते. साध्या डोळ्यांना तिन्ही तपकिरी-काळ्या दिसतात.

९४० नॅनोमीटरचे दिवे बसवलेले यूएसबी सूक्ष्मदर्शक मिळतात, तो सर्वांत सरळ मार्ग. नाहीतर जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातले अवरक्त अडवणारी काच जाणकाराकडून काढून घ्या आणि पुढे ८५० आणि ९४० चे फिल्टर लावा. कॅमेरा अवरक्त पाहतो का, याची घरगुती परीक्षा सोपी आहे: टीव्हीचा रिमोट त्याच्याकडे रोखून बटण दाबा, पडद्यावर दिवा चमकला तर पाहतो. हॅलोजनचा दिवा अवरक्त भरपूर देतो, पण तापतोही. तो दूर ठेवा आणि फोटोपुरताच लावा.

कॅमेऱ्याची आपोआप उजेड जुळवण्याची सोय बंद करा. ती चालू राहिली तर प्रत्येक फोटो आपापल्या परीने गडद-फिका होतो आणि तुलना कोलमडते. त्याच जागेचे तीन फोटो घ्या: पांढऱ्या उजेडात, ८५० ला, ९४० ला. इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर ते एकावर एक बसवून करडेपणा आकड्यांत मोजते. अक्षराचा करडेपणा शेजारच्या कोऱ्या कागदाच्या प्रमाणात मोजा, आणि जाड रेघ जाड रेघेशी, पातळ रेघ पातळ रेघेशीच ताडा. दाट साचलेली लोहशाई ९४० लाही बऱ्यापैकी काळी दिसते आणि झिजलेली काजळशाई करडी. केवळ एका अक्षरावरून निकाल देणाऱ्यांची इथेच चूक होते.

मजकूर काळाच राहिला पण समासातली टिपणे फिकी पडली, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले: दोन वेगळ्या शाया. उलट दोन्ही काळे राहिले तर शाई एकच आहे असे ठरत नाही, दोन्ही काजळशाया आहेत एवढेच ठरते. वेगळ्या गावच्या, वेगळ्या शतकातल्या दोन काजळशाया अवरक्तात जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. आपल्या पोथ्यांपुढची मोठी अडचण हीच आहे. युरोपातल्या अभ्यासकांना लोहशाईच्या अशुद्धींवरून एक लेखनिक दुसऱ्यापासून वेगळा काढता येतो. देवनागरी पोथ्यांत काजळशाईच अधिक भेटते आणि ती एवढी बोलत नाही. अशा वेळी तिसऱ्या पायरीवर पाहिलेली बोरूची लय जास्त मोलाची ठरते.

पायरी ६: अतिनील प्रकाश

३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, डोळ्यांवर अतिनील अडवणारा चष्मा, अंधारी खोली. एका पानावर मोजून अर्धा-एक मिनिट, जास्त नाही. या उजेडात कागद मंद चमकतो आणि लोहशाई तो प्रकाश गिळते. त्यामुळे उडालेली तपकिरी अक्षरे गडद होऊन वाचता येतात. काजळशाईला याचा फारसा उपयोग नाही. पण पान निळसर-पांढरे झळाळून उठले, तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या कागदांत घालतात तसली चमक आणणारी द्रव्ये आहेत. दुरुस्तीचे ठिगळ असो वा नवी बनावट पोथी, तिथेच पकडली जाते.

वेगवेगळ्या तरंगलांबींचे फोटो एकत्र करून काय साधते, हे आर्किमिडीजच्या हस्तलिखिताने दाखवले. दहाव्या शतकात चर्मपत्रावर लिहिलेली त्याची प्रत १२२९ मध्ये खरवडून वर प्रार्थनापुस्तक लिहिले गेले. १९९८ मध्ये ते न्यूयॉर्कच्या लिलावात २० लाख डॉलरला गेले आणि बाल्टिमोरच्या वॉल्टर्स कला संग्रहालयात त्यावर दहा वर्षे काम झाले. दृश्य आणि अतिनील प्रतिमांच्या मिश्रणात खालची अक्षरे वरच्यांपासून वेगळी झाली. काही पानांवर मात्र विसाव्या शतकात कोणीतरी सोनेरी बनावट चित्रे रंगवली होती. तिथे प्रकाश पोचेना. ती पाने स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉनवर (अतितीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) नेऊन खालच्या शाईतल्या लोहाचा नकाशा काढला गेला आणि चित्राखालून आर्किमिडीजची अक्षरे वाचली गेली. ती प्रत लोहशाईत होती म्हणूनच हे जमले. काजळशाई असती तर क्ष-किरणांना तिथे काहीच सापडले नसते.

पायरी ७: क्ष-किरण प्रतिदीप्ती

प्रयोगशाळांत याला एक्सआरएफ म्हणतात. बंदुकीसारखे हातात धरायचे यंत्र क्ष-किरण सोडते, प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत देते. विद्यापीठांच्या भूशास्त्र विभागांत, आयआयटींत, काही संग्रहालयांच्या संवर्धन केंद्रांत ते असते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला संवर्धन केंद्र अशा कामाची वाट विचारायला चांगली जागा आहे. यंत्र चालवणे हे प्रशिक्षित माणसाचे काम, अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम त्याला लागू आहेत. तुमचे काम त्याला योग्य जागा दाखवणे आणि योग्य शंका विचारणे.

पहिली शंका पाठीमागची. क्ष-किरण कागदातून आरपार जातात. मागच्या पानावरची शाई आणि टेबलाचा खिळा, सगळे आलेखात उतरते. म्हणून एकच सुटे पान घ्या, खाली धातू नसलेले अॅक्रिलिक ठेवा, आणि ज्या अक्षराच्या पाठीमागे कोरी जागा आहे असेच अक्षर निवडा. पान उजेडासमोर धरून आधी हे हेरून ठेवावे लागते. यंत्राची खिडकी काही मिलिमीटरची आणि रेघ एक मिलिमीटरची, त्यामुळे कागद मोजला जाणारच. प्रत्येक अक्षराशेजारी कोऱ्या कागदाचेही मापन घ्या, किमान तीन-तीन जागी.

कोऱ्या कागदाचे मापन आपल्याकडे जास्तच निकडीचे आहे. दख्खनचा काळा पाषाण लोह आणि टायटॅनियमने भरलेला आहे आणि त्याची धूळ शतकानुशतके आपल्या पानांवर बसली आहे. शाई वाळवणाऱ्या वाळूचीही तीच गोष्ट. विनलँडची कथा ऐकून आलेल्या एखाद्याने पोथीत टायटॅनियम दिसताच 'बनावट' म्हणून ओरडू नये. ते फक्त रेघेत आहे की कोऱ्या कागदातही, हे आधी बघावे.

शाईत कागदापेक्षा बरेच जास्त लोह आले आणि अवरक्तात ती फिकी पडली होती, तर लोहशाई पक्की. लोह नाही आणि अवरक्तात काळी, तर काजळशाई. कार्बन हे यंत्र पाहूच शकत नाही, म्हणून काजळशाई इथे रिकाम्या आलेखावरून ओळखावी लागते. दोन्ही लक्षणे एकत्र आली तर मिश्रण. लोहशाईत लोहाच्या प्रमाणात जस्त, तांबे, मँगेनीज किती, हे गुणोत्तर काढले की दोन लोहशाया वेगळ्या करता येतात, कारण खाणीखाणीच्या हिराकसात ही भेसळ वेगळी असते. तांबे आणि जस्त पितळी दौतीतूनही उतरलेले असू शकते, तेवढे लक्षात ठेवा.

आता रंगीत शाया. इथे हे यंत्र फार सुंदर बोलते. लाल दंड आणि शीर्षके कशाची, हा प्रश्न घ्या. पारा सापडला तर हिंगूळ, शिसे सापडले तर शेंदूर, नुसते लोह तर गेरू, आणि यांतले काहीच नाही तर लाखेचा अळिता किंवा दुसरा वनस्पतिज रंग. हिंगूळ संग्रही ठेवावा असे समर्थांनी दासबोधातल्या लेखनक्रियेच्या समासात सांगितले आहे. पारा आणि शिसे एकत्र दिसले, तर हिंगुळात शेंदूर मिसळला असण्याची शक्यता धरा.

आणि मग तो पिवळा पट्टा. चुकलेल्या अक्षरांवर लेखनिक हरताळ लावून ती झाकत आणि वर पुन्हा लिहीत. आपण आजही एखाद्या गोष्टीला 'हरताळ फासला' म्हणतो तो तिथला. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे सल्फाइड. ते विषारी आहे, म्हणून पिवळ्या जागी बोट फिरवू नका आणि पोथी हाताळून झाल्यावर हात धुवा. क्ष-किरणांत मात्र एक सापळा आहे. आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येते आणि शिशाची १०.५५ ला. यंत्राला त्या दोन्ही एकच वाटतात आणि त्याचे सॉफ्टवेअर बेधडक एक नाव छापते. छापील नावावर विश्वास ठेवू नका, आलेख मागा. आर्सेनिक असेल तर ११.७३ ला दुसरे शिखर हवे, शिसे असेल तर १२.६१ ला. ११.७३ वर शिखर आहे आणि १२.६१ सपाट आहे, एवढे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की तो हरताळ. आणि त्याच्याखाली काजळशाईत लिहिलेली चूक असेल, तर पुन्हा पाचव्या पायरीकडे वळा. पातळ लेपाखालचे काजळ अवरक्तात पुष्कळदा दिसते. लेखनिकाने आधी काय लिहिले होते आणि का बदलले, हे पाठभेद शोधणाऱ्याला केवढे मोलाचे आहे!

पायरी ८: रामन वर्णपट

एक्सआरएफ मूलद्रव्य सांगते, रामन वर्णपट संयुग सांगतो. सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधलेल्या परिणामावर तो उभा आहे. लेसरचा सूक्ष्म ठिपका शाईवर टाकला की (आकडे प्रति सेंटिमीटर या एककात) हिंगूळ २५३ ला, हरताळ ३५४ ला, शेंदूर ५४८ ला आपली मुख्य खूण उमटवतो. काजळ १३५० आणि १५८० च्या आसपास दोन रुंद उंचवटे देते. हरताळ आणि शेंदूर लेसरने तापून रंग बदलू शकतात, तेव्हा कमीत कमी शक्तीपासून सुरुवात करायला सांगा आणि आधी नमुनापट्टीवर चालवून बघा.

या तंत्राचा धडा लिंडिसफार्न गॉस्पेल्सने दिला. आठव्या शतकातल्या त्या इंग्लिश हस्तलिखितातला निळा रंग अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा, असे अनेक वर्षे मानले जाई. २००४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी रामनने तपासले तर ती नीळ निघाली. डोळ्यांनी ओळखलेल्या रंगावर व्यापारमार्गांचा केवढा इतिहास उभा राहिला होता, आणि तो एका वर्णपटाने खाली आला.

नमुना काढण्याबद्दल थोडक्यात. कार्बन कालमापनासाठी कागदाचा तुकडा द्यावा लागतो. १६५० नंतरच्या काळात त्या पद्धतीचे उत्तर इतके पसरट येते की तीनशे वर्षांतले काहीही असू शकते. आपल्या बहुतेक कागदी पोथ्या याच काळातल्या. तेव्हा त्यांच्यासाठी पानाचा कोपरा कापू देऊ नका.

पायरी ९: नोंद

शेवटची नोंद अशी असावी: "पत्र १२ ब, ओळ ४, 'राम' या शब्दातील रेघ. पांढऱ्या उजेडात गडद तपकिरी. ९४० नॅनोमीटरला कागदाच्या तुलनेत ठळक फिकी. लोह शेजारच्या कागदापेक्षा जास्त, तिन्ही मापनांत. पत्र १२ ब, डावा समास, टीप २. पांढऱ्या उजेडात काळी, ९४० ला काळीच, लोह कागदाइतकेच. निष्कर्ष: मजकूर लोहशाईत, टीप काजळशाईत. दोन्ही एकाच हातातल्या असू शकतात. शाईवरून काळाचा क्रम ठरत नाही." जे पाहिले ते वेगळ्या वाक्यात, जे ठरवले ते वेगळ्या वाक्यात. मोजलेली प्रत्येक जागा फोटोवर आकड्याने दाखवा. मूळ फायली न बदलता जपा. दहा वर्षांनी कोणी बारकाईने पाहणारा आला तर त्याला पोथी पुन्हा उलगडावी लागू नये.

या नोंदीची एक प्रत पोथीच्या मालकाला द्या, आणि एक आम्लविरहित कागदावर पेन्सिलीने लिहून बासनात पानांच्या गठ्ठ्याबाहेर ठेवा. मग पहिल्या दिवशी घेतलेला फोटो समोर ठेवा, पाने त्याच क्रमाने लावा आणि गाठ होती तशी बांधा.